मराठी अर्थाचा कुरआन: कोकणातल्या अभ्यासूने कोणती प्रत घ्यावी

कुरआन वाचावा, समजून घ्यावा आणि मगच इस्लाम स्वीकारायचा की नाही ते ठरवावं, असं ज्याच्या मनात आहे त्या मराठी वाचकासमोर चार प्रकारच्या प्रती येतात. एकीत नुसता मराठी अर्थ असतो. दुसरीत एका बाजूला अरबी मूळ, शेजारी मराठी अर्थ आणि खाली टिपा असतात. तिसरीत अरबीचा उच्चार देवनागरीत छापलेला असतो. चौथी मोबाईलवरची. यांतली दुसरी घ्यावी, तिच्या जोडीला मोबाईल ठेवावा आणि तिसरीच्या वाटेला जाऊ नये. अरबी न येणाऱ्याला तिसरीच सर्वांत सोपी वाटते आणि बहुतेकदा तीच भेट म्हणून हातात पडते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

अरबीत ज्या अक्षरांना वेगवेगळं स्थान आहे, ती देवनागरीत एकाच अक्षरात कोंबली जातात. सीन, साद आणि से या तिघांचा 'स' होतो. ज़ाल, ज़े, ज़ाद आणि ज़ोय या चौघांचा 'ज', आणि नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका, तोही बहुधा छपाईत गळतो. याने फक्त उच्चार बिघडत नाही, अर्थही फिरतो. दुसऱ्या सूरेच्या (अध्यायाच्या) १० व्या आयतीत (वचनात) 'अज़ाबुन अलीम' आहे, म्हणजे वेदनादायक शिक्षा. त्याच सूरेच्या २९ व्या आयतीच्या शेवटी 'अलीम' आहे, म्हणजे सर्व जाणणारा. पहिला 'अलीम' हमज़ा या अक्षराने सुरू होतो, दुसरा ऐनने. देवनागरीत दोन्ही हुबेहूब सारखे. अठराव्या सूरेत तर १८ व्या आयतीत 'कल्बुहुम' म्हणजे त्यांचा कुत्रा आणि २८ व्या आयतीत 'क़ल्बहू' म्हणजे त्याचं हृदय. नुक्ता गेला की हृदयाचा कुत्रा होतो. दुसरी खोट शद्दची. फातिहात, म्हणजे पहिल्या सूरेत, १४ ठिकाणी शद्द आहे, म्हणजे तिथे अक्षर दुहेरी उच्चारायचं. 'इय्याक' म्हणजे 'तुझीच'. घाईत छापलेल्या प्रतीत त्याचं 'इयाक' होतं आणि अर्थच जातो. अशी पाठ झालेली चूक नंतर सोडवणं फार जड जातं. त्यापेक्षा लहान मुलांचा नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, घ्यावा. रोज अर्धा तास, समोर शिकवणारा माणूस, एवढं नेमाने केलं तर अक्षरजोड काही महिन्यांत वाचता येते. मोठ्या माणसाने मुलांच्या रांगेत बसायला लाजू नये.

आता दुसऱ्या प्रकारच्या प्रतीची तपासणी. दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत होते.

आधी ११२ वी सूरा उघडावी. चारच आयती आहेत. दुसऱ्या आयतीतला 'समद' हा शब्द एका मराठी शब्दात मावत नाही: ज्याला कोणाची गरज नाही आणि ज्याच्याकडे सगळ्यांची गरज घेऊन धाव असते, तो. नुसतं 'निरपेक्ष' लिहून टीप दिली नसेल तर अनुवादकाने अर्धा अर्थ सोडला आहे. मग ९६ व्या सूरेची दुसरी आयत. तिथल्या 'अलक'ला कुठे 'रक्ताची गुठळी' म्हणतात, कुठे 'चिकटून राहणारी वस्तू'. मूळ धातूत चिकटणं, लोंबणं आहे. चांगली प्रत दोन्ही सांगते. 'तक़वा'साठी नुसतं 'भीती' असेल तर प्रत कच्ची समजावी, कारण त्या शब्दात जपणं आणि स्वतःला सांभाळणंही आहे. मराठी वाचकाची एक खास अडचण अशी की 'मोक्ष', 'पुण्य', 'अवतार' हे शब्द आपला अर्थ बरोबर घेऊन येतात. 'नजात'ला, म्हणजे सुटकेला, मोक्ष म्हटलं की जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका असं कानावर येतं, आणि कुरआनात तो फेराच नाही. पैगंबराला 'अवतार' न म्हणता 'प्रेषित' म्हणणारी प्रत बरोबर.

टिपांसाठी दोन ठिकाणं पाहावीत. नवव्या सूरेची पाचवी आयत लढाईची आहे आणि एकटी उचलून ती सगळीकडे फिरत असते. तिच्या आधीची चौथी आयत करार पाळणाऱ्यांना वगळते. नंतरची सहावी सांगते की अनेकेश्वरवाद्यांपैकी कोणी आश्रय मागितला तर द्यावा आणि त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोहोचवावं. या तीन आयती एकत्र धरून, कोणत्या कराराचा प्रसंग होता हे जी प्रत सांगते तिच्यावर विसंबावं. दुसरं ठिकाण ४:३४, म्हणजे चौथ्या सूरेची ३४ वी आयत. बायकोला मारण्याविषयीच्या शब्दाआधी-नंतर कंसात 'हलकेच' असेल तर ध्यानात घ्यावं की तो शब्द अरबी मुळात नाही, अनुवादकाने किंवा भाष्यकाराने घातला आहे. कंस घालणं वाईट नाही. कंस न घालता तोच शब्द मजकुरात मिसळणं वाईट, कारण मग वाचणाऱ्याला ग्रंथ कुठे संपला आणि माणूस कुठे सुरू झाला ते कळत नाही. जो वाचून निर्णय घेणार आहे त्याला हा फरक कळलाच पाहिजे.

प्रत घेतली की पहिल्या पानापासून सुरुवात करू नये. क्रम उतरण्याच्या काळाप्रमाणे नाही. सात आयतींच्या फातिहानंतर थेट २८६ आयतींची 'बकरा' ही दुसरी सूरा लागते. तिच्यात उपवास, तलाक, व्याज, आणि २८२ व्या आयतीत, जी कुरआनातली सर्वांत लांब आहे, उधारीचा कागद कसा करावा हेही. नवा वाचक इथेच अडकतो आणि प्रत कपाटात जाते. कुरआनाचे तीस पारे, म्हणजे भाग, असतात; त्यांतला ३० वा आधी घ्यावा, त्यातल्या बहुतेक सूरा मक्केतल्या, छोट्या, माणसाला थेट प्रश्न विचारणाऱ्या. मग १२ वी यूसुफ, जिच्यात एकच कथा १११ आयतींत सलग चालते. १९ वी मरयम. ३१ वी लुकमान, बापाने मुलाला केलेला उपदेश. त्यानंतर बकरा. मदिना छपाईच्या प्रतीला ६०४ पानं आहेत. रोज दोन पानं धरली तर दहा महिने लागतात, आणि अभ्यासाला हाच वेग योग्य.

वाचून आलेल्या माणसांत महंमद असद यांचं नाव घ्यावंच लागतं. लेम्बर्गला १९०० साली ज्यू घरात जन्मलेले लिओपोल्ड वाइस. १९२६ मध्ये बर्लिनच्या भुयारी रेल्वेत चांगल्या कपड्यांतल्या लोकांचे दुःखी चेहरे पाहिले, घरी येऊन उघडा पडलेला कुरआन पाहिला तर समोर १०२ वी सूरा होती, आणि त्यांचा निर्णय झाला. तिचं नाव 'तकासुर', म्हणजे दुसऱ्यापेक्षा जास्त मिळवण्याची चढाओढ, जी थडग्यापर्यंत सुटत नाही. आयती आठच. आपल्या प्रतीत 'तकासुर'चं नुसतं 'संपत्ती' केलं असेल तर असदांना जे दिसलं ते मराठी वाचकाला दिसणार नाही. त्या शब्दात संपत्तीपेक्षा शर्यत महत्त्वाची आहे.

मोबाईलचं काम वेगळं. कुरआन डॉट कॉमवर ऐकत ऐकत आयत पुढे सरकते. महमूद खलील अल-हुसरी या इजिप्तच्या कारींचं (कुरआन पठण करणाऱ्यांचं) संथ पठण निवडावं, कारण प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं. तन्ज़ील या प्रकल्पाचा अरबी मजकूर बारकाईने तपासलेला आहे, एखादा शब्द ताडायला तो वापरावा. कुरानिक अरेबिक कॉर्पस या संकेतस्थळावर शब्दाचा धातू आणि तो कुठे कुठे आला आहे ते मिळतं, पण तिथलं स्पष्टीकरण इंग्रजीत आहे. पडद्यावर मात्र आयत सुटी दिसते, मागची-पुढची नजरेत राहत नाही, म्हणून मुख्य वाचन कागदावरच.

विरामाच्या खुणा समजावून देणारं पान प्रतीच्या शेवटी आहे का तेही पाहावं. २:२ मध्ये तीन ठिपक्यांची खूण दोनदा येते. दोन्हीपैकी एकाच ठिकाणी थांबायचं. आधी थांबलं तर 'शंका नाही. यात मार्गदर्शन आहे', नंतर थांबलं तर 'यात शंका नाही. हे मार्गदर्शन आहे'.

कोकणासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र प्रतीच्या आत नाही, तिच्याबरोबर मिळणाऱ्या नमाजच्या पुस्तिकेत आहे. भारतात बहुतेक पुस्तिका हनफी पद्धतीच्या असतात आणि कोकणी मुसलमान शाफई आहेत; इस्लामी आचारनियमांच्या या दोन वेगळ्या परंपरा. श्रीवर्धनपासून राजापूरपर्यंत कुठल्याही कोकणी मशिदीत ती पुस्तिका पाठ करून गेलेला नवा माणूस गोंधळतो: इथे रुकूला (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना हात उचलतात, आमीन मोठ्याने म्हणतात, फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) दुसऱ्या रकातीत (आवृत्तीत) रुकूनंतर कुनूत ही प्रार्थना होते. त्याला वाटतं आपण तरी चुकलो किंवा हे तरी. दोन्ही मार्ग मान्य आहेत, पण सुरुवातीला एकच धरावा. शाफईंत बिस्मिल्लाह ही फातिहाची आयत आहे, ती सुटली तर फातिहा अपुरी. आणि इमामाच्या मागे उभं राहूनही फातिहा स्वतः म्हणायची असते. दिवसाच्या १७ फर्ज (बंधनकारक) रकाती म्हणजे १७ वेळा. म्हणून कलमा पढल्यावर (इस्लाम स्वीकारल्यावर) आणि गुसल (शुद्धिस्नान) केल्यावर पहिलं काम फातिहा शुद्ध करणं. नमाजच्या ॲपमध्ये असरची (दुपारनंतरच्या नमाजची) पद्धत शाफई निवडावी. हनफी ठेवली तर कोकणात वेळ ऋतूप्रमाणे पाऊण ते सव्वा तास पुढे जाते आणि गावातली जमात (सामुदायिक नमाज) तोवर होऊन गेलेली असते. वुजूतही, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यातही, फरक आहे: शाफईंत नवरा-बायकोचा हात हाताला लागला तरी वुजू मोडतो, रक्त वाहिल्याने मोडत नाही, हनफींत नेमकं उलट. आणि जेवणात: हनफी पुस्तिकेत मासळीशिवाय समुद्रातलं बाकी बहुतेक वर्ज्य, कोळंबीवरही वाद. शाफईंत कोळंबी, माकूल, कालवं, तिसऱ्या हलाल. कुर्ल्यांबाबत मात्र शाफई आलिमांतही एकमत नाही, तेवढं गावच्या पेशइमामांना विचारावं.

अरबी मजकुराच्या प्रतीला वुजूशिवाय हात लावत नाहीत. शाफईंत भाष्याचा मजकूर कुरआनापेक्षा जास्त असेल तर सवलत आहे, म्हणून भरपूर टिपांची प्रत इथेही सोयीची पडते. अजून निर्णय न झालेल्याने ती रेहालीवर (कुरआन ठेवायच्या लाकडी घडीवर) किंवा स्वच्छ मेजावर ठेवावी, जमिनीवर नाही.

शेवटी कागद. गुळगुळीत आर्ट पेपरवरच्या रंगीत तजवीदच्या (पठणाचे नियम रंगांनी दाखवणाऱ्या) प्रती देखण्या असतात, पण जूनच्या दमट हवेत त्यांची पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना शाई निघते. साधा पिवळसर कागद घ्यावा. पुस्तक मधोमध उघडून पुठ्ठ्याच्या आतली बाजू पाहावी: दोऱ्याची शिवण दिसली तर बरं, नुसता डिंक असेल तर दुसऱ्या पावसाळ्यात पानं सुटतात. कापडी जुजदान (कुरआनाची पिशवी) ओलावा धरून ठेवतं, तेव्हा पावसाळ्यात प्रत त्यातून बाहेर काढून उभी ठेवावी. भिंतीला टेकवू नये. समुद्राकडच्या घरांत बुरशी तिथूनच चढते. ऊन पडलं की पानं सावलीत उघडून वारा द्यावा. पान सुटलंच तर रद्दीत घालू नये, मशिदीत द्यावं.