काळे आकडे की लाल? हरणाच्या शिकारीसाठी परवडणारा रेंजफाइंडर

अमेरिकेतल्या कोलोराडोत यंदा म्यूल डिअर या हरणाच्या शिकारीचं लायसन्स ड्रॉमध्ये (सोडतीत) लागलं, रायफल-स्कोप तयार आहे, आता कोणता रेंजफाइंडर, म्हणजे लेसर किरणाने अंतर मोजणारं यंत्र, घेऊ, असं इथल्या दोघा-तिघा मराठी मित्रांनी विचारलं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा हा विषय संपला, तेव्हा हे इथे रीतसर परवाना काढणाऱ्यांसाठीच.

दोनशे डॉलरच्या आसपास खर्च करायचा असेल, तर माझ्या मते निवड दोन प्रकारांत आहे: आत काळे एलसीडी आकडे दिसणारा आणि लाल ओएलईडी आकडे दिसणारा. दोन्ही मी वापरलेत. गोल्फचा रेंजफाइंडर घरात पडून असेल तर तो मात्र नेऊ नका. तो जवळची वस्तू आधी पकडतो, आणि हरणाच्या पुढे गवताच्या काड्या नेहमीच असतात.

खोक्यावरच्या 1400 यार्डांवर फार जाऊ नका. तो पल्ला चकाकणाऱ्या वस्तूचा असतो, हरणाच्या अंगावरून किरण तितका परतत नाही. हातात धरून दोन्हींनी मला साडेचारशेपर्यंत भरवशाचं अंतर दिलं, आणि त्यापुढे गोळी झाडायची माझी तयारीही नाही. उताराचा हिशोब करणारा मात्र हवाच. 30 अंशांच्या उतारावर तिरकं अंतर 400 यार्ड असेल, तर नेम 346 चा धरावा लागतो. ही सोय दोन्ही प्रकारांत मिळते.

माझा निर्णय झाला तो एका संध्याकाळी. नोव्हेंबर, सूर्य बुडालेला. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास मिळतो, त्यातली दहा मिनिटं उरली होती. समोरच्या उतारावर जुनिपरच्या काळ्या झाडीतून एक मोठा नर बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. मी काळ्या आकड्यांच्या रेंजफाइंडरचं बटण दाबलं. अंतर मोजलं गेलं असणार, पण गडद झाडीवर काळा आकडा दिसेचना. आकडा वाचायला यंत्र आभाळाकडे उचलावं, तर हरीण नजरेतून सुटे. परत शोधून बटण दाबावं, तर पुन्हा तेच. असं तीनदा झालं. त्यात गारठ्याने आकडे बदलायलाही वेळ लावत होते.

अंदाज साडेतीनशेचा होता. मी गोळी झाडली नाही. दुसऱ्या दिवशी उजेडी त्याच खडकावर बसून तेच झाड मोजलं, तर 405 भरलं. माझ्या 6.5 क्रीडमूर काडतुसाच्या रायफलला त्या पल्ल्यावर 50 यार्डांची चूक म्हणजे गोळी सात-आठ इंच खाली. छातीऐवजी पाय मोडला असता, आणि ते जनावर रात्रभर दरीत तडफडत राहिलं असतं. हा विचार अजूनही मनातून जात नाही.

त्यानंतर लाल आकड्यांचा घेतला, ल्यूपोल्डचा आरएक्स-1400आय. पुढच्या हंगामात तशाच कातरवेळी, तशाच झाडीवर लाल आकडा एका नजरेत वाचता आला. 310. उरलेला वेळ श्वास शांत करायला मिळाला.

काळ्याच्या बाजूनेही बोलायला हवं. भर दुपारी, त्यातून बर्फ पडलेलं असेल, तर लाल आकडे फिके पडतात. मला एक-दोनदा टोपी कपाळावर ओढून सावली करावी लागली. त्या उजेडात काळे आकडे छापल्यासारखे स्वच्छ दिसतात, आणि थोडे पैसेही वाचतात. कोलोराडोच्या पूर्वेकडच्या मोकळ्या माळावर दिवसाउजेडी फिरणाऱ्याला कदाचित तेवढं पुरेल. पण झाडीच्या कडेला बसणार असाल, तर मोठे नर बाहेर पडतात ते झुंजुमुंजू नाहीतर तिन्हीसांजेला, हे मनात धरूनच निवडा.

घेण्याआधी दुकानात हातात घेऊन बघा. दाराबाहेरच्या पार्किंगकडे रोखू नका, तिथे सगळेच छान दिसतात. दुकानाच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखा, बटण दाबा, आणि यंत्र न हलवता आकडा वाचता येतो का ते पाहा.