छोट्या माँटेसरी शाळेची निवड: पदविकाधारक, परंपरेतल्या आणि पालक-संस्थापक ताई

बंगल्याच्या तळमजल्यावर भरणारी, बारा-पंधरा मुलांची ‘माँटेसरी पद्धतीची’ शाळा पाहायला गेल्यावर पालकांची नजर आधी साहित्याकडे जाते. गुलाबी मनोरा, दट्ट्यापेट्या (लाकडी खाचांत दंडगोल दट्टे बसवण्याच्या पेट्या) आणि सोनेरी मण्यांच्या माळा मांडणीवर नीट लावलेल्या दिसल्या की निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो. वास्तविक साहित्य बाजारात विकत मिळते, आणि ‘माँटेसरी’ हे नाव कोणा एकाच्या मालकीचे नसल्यामुळे ते पाटीवर कोणीही लिहू शकते. मोठ्या शाळेत एखादी शिक्षिका कमी पडली तरी पर्यवेक्षिका, मुख्याध्यापिका आणि शेजारच्या वर्गातल्या बाई असतात. छोट्या शाळेत मात्र एक किंवा दोन व्यक्ती हीच सगळी शाळा असते. त्यामुळे तुलना करायची ती या व्यक्तींची. माझ्या भाचीसाठी गेल्या वर्षी पुण्यात अशा शाळा पाहिल्या, तेव्हा शाळा चालवणाऱ्या ताई ढोबळमानाने तीन प्रकारच्या आढळल्या.

पहिल्या ताई आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघटनेच्या, म्हणजे ‘एएमआय’च्या पदविकाधारक होत्या. ही संघटना या पद्धतीच्या जनक, इटलीच्या मारिया माँटेसरी यांनी स्वतः १९२९ साली स्थापन केली, आणि तिच्या प्रशिक्षणाची भारतातली परंपराही जुनी आहे. १९३९ साली मादाम माँटेसरी मद्रासच्या अड्यार येथे प्रशिक्षणवर्ग घ्यायला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. (इटली युद्धात उतरल्यावर त्यांचे पुत्र मारिओ यांना काही काळ आपल्या अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले होते, हे नगरकरांनाही फारसे ठाऊक नसते.) या पदविकेसाठी प्रत्येक साहित्याची मांडणी, उद्देश आणि सादरीकरण नोंदवलेले जाडजूड आल्बम स्वतः तयार करावे लागतात, कित्येक तास वर्गात नुसते बसून निरीक्षण करावे लागते, आणि लेखी परीक्षेबरोबर तोंडी परीक्षाही द्यावी लागते. ‘तुमचे आल्बम पाहायला मिळतील का?’ असे विचारून पाहावे. ज्या ताईंनी ते खरोखर केलेले असतात, त्या अभिमानाने दाखवतात.

दुसऱ्या ताई गिजुभाई-ताराबाईंच्या परंपरेतल्या होत्या. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले, ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे १९४५ साली ताराबाईंनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना सोबत घेऊन जे काम केले, त्यात माँटेसरीचे तत्त्व ठेवून महागडे साहित्य बाजूला सारले गेले. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच साहित्य झाले, आणि जी मुले शाळेत येत नव्हती त्यांच्या पाड्यावर शाळाच गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथलाच. या वळणाने घडलेल्या ताईंकडे बहुधा बालशिक्षणाचा वर्षभराचा अभ्यासक्रम आणि वीस-पंचवीस वर्षांचा बालवाडीचा अनुभव असतो. आल्बम नसतात, पण गाणी, गोष्टी आणि बडबडगीते तोंडपाठ असतात.

तिसऱ्या ताई स्वतःच्या मुलासाठी मनासारखी शाळा सापडली नाही म्हणून नोकरी सोडून शाळा काढणाऱ्या पालक. त्यांचे प्रशिक्षण काही महिन्यांचे आणि ऑनलाइन होते. या प्रकाराला हसण्याचे कारण नाही, कारण पालकांशी संवाद, शुल्काचा हिशेब आणि जागेची सुरक्षितता या बाबतींत तिघींमध्ये त्याच सर्वांत चोख होत्या.

आता तिघींना एकाच प्रसंगात पाहू. दट्ट्यापेटीत दहा खाचा आणि दहा दट्टे असतात. एक जरी चुकीच्या खाचेत बसला तरी शेवटचा दट्ट्या उरतो किंवा बसत नाही. चूक साहित्यच दाखवते, मोठ्या माणसाने सांगावी लागत नाही. पदविकाधारक ताईंच्या वर्गात साडेतीन वर्षांचा एक मुलगा शेवटचा दट्ट्या हातात घेऊन बराच वेळ नुसता बघत राहिला. ताई दोन हातांच्या अंतरावर बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी मदतीला हात पुढे केला नाही, फक्त वहीत काहीतरी टिपले. मुलाने सगळे दट्टे काढले आणि पुन्हा सुरुवात केली. संस्थापक ताईंच्या शाळेत जवळपास हाच प्रसंग घडला, तेव्हा त्या लगबगीने आल्या, “अरे, हा इकडे, बघ!” म्हणाल्या आणि दट्ट्या उचलून योग्य खाचेत ठेवला. मूल हसले, पण त्याने ती पेटी पुन्हा हातात घेतली नाही. परंपरेतल्या ताईंकडे दट्ट्यापेटी एकच होती आणि तिच्यावर दोघांची रांग. त्यांनी दुसऱ्या मुलीला चिंचोके आणि बांगड्यांचे तुकडे निवडायला बसवले, आणि पहिल्याला मात्र अजिबात घाई केली नाही. हात आवरणे ही या पद्धतीतली सर्वांत अवघड गोष्ट आहे. काहींना ती प्रशिक्षणातून येते, काहींना अनुभवातून. दोन्ही नसेल तर नुसत्या उत्साहातून ती येत नाही, असे माझे मत झाले.

भाषेच्या बाबतीत चित्र उलटे दिसले आणि मराठी घरांनी इथे जास्त वेळ द्यावा. खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवत ध्वनी शिकण्याची रीत देवनागरीला फार सोयीची आहे, कारण ‘क’ हे अक्षर ‘क’ असेच वाचले जाते. मुलाला कमळ, बदक, मगर, गवत हे काना-मात्रा नसलेले शब्द फार लवकर जुळवता येतात; वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे नंतर कोणत्या क्रमाने आणायची याचा विचार मात्र शिक्षिकेने केलेला असावा लागतो. परंपरेतल्या ताईंनी हा क्रम मला न थांबता सांगितला, आणि मुलांची बोटे ‘ऱ्ह’पाशी का अडखळतात हेही सांगितले. पदविकाधारक ताईंचे प्रशिक्षण इंग्रजीतून झालेले होते, वर्गात देवनागरी अक्षरांचा संचच नव्हता, आणि एका मुलीने “आजीने आज थालीपीठ केलंय” असे सांगितल्यावर तिला उत्तर इंग्रजीतून मिळाले. घरात मराठी असलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ही लहान उणीव नव्हे. संस्थापक ताईंकडे दोन्ही भाषांचे तक्ते होते. तक्ते मात्र भिंतीवर, मुलांच्या डोक्याच्या बऱ्याच वर.

संख्येविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘आमच्याकडे फक्त आठच मुले’ हे वाक्य पालकांना मोहात पाडते, पण माँटेसरी पद्धतीत लहान वर्ग हा स्वतःहून गुण मानलेला नाही. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र, आणि तीही पंचवीस-तीस, अशीच मूळ कल्पना आहे. मोठे मूल धाकट्याला दाखवते आणि शिक्षिका प्रत्येकाजवळ पोहोचू शकत नाही, म्हणूनच मुले एकमेकांकडे वळतात. आठ मुलांत सहा जण तीन वर्षांचे असतील तर हा व्यवहार घडतच नाही. तेव्हा किती मुले आहेत यापेक्षा कोणत्या वयाची किती आहेत, हे विचारावे. या कसोटीवर पालक-संस्थापकांची शाळा सर्वांत कच्ची ठरली, कारण ती नवी होती आणि सगळी मुले एकाच वर्षी आलेली होती.

पदविकेच्या बाबतीतही एक बारकावा आहे. एएमआयच्या पदविका वयोगटानुसार वेगळ्या असतात: शून्य ते तीन, तीन ते सहा, सहा ते बारा. तीन ते सहाची पदविका असलेल्या ताई ‘आम्ही दहाव्या वर्षापर्यंत घेतो’ म्हणू लागल्या, तर त्या आपल्या प्रशिक्षणाच्या बाहेर पाऊल टाकत आहेत. शिवाय सहा वर्षांनंतर शिक्षणहक्क कायदा, २००९ लागू होतो. कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही, आणि शिक्षकांसाठी डी.एल.एड.सारखी (प्राथमिक शिक्षणाची पदविका) पात्रता व टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) यांचा प्रश्न येतो. कलम ४ मुळे न शिकलेल्या किंवा शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळू शकतो, हा आधार आहे. पण त्या भरवशावर चार वर्षे काढणे मला पटत नाही.

पदविकाधारक ताईंची सहकारी त्याच पदविकेची आणि मराठी बोलणारी असेल, तर मी डोळे मिटून तिकडे वळेन. तशी जोडी विरळा. संस्थापक ताईंनी प्रशिक्षित ताई नेमलेली असेल, तर ती किती वर्षे टिकून आहे आणि ती आजारी पडली की वर्ग कोण घेते, हे संस्थापकांना नव्हे, त्या ताईंनाच विचारावे.

आम्ही भाचीचे नाव परंपरेतल्या ताईंकडे घातले. सहा वर्षे पूर्ण झाल्यावर पुढे काय, हे पहिल्याच भेटीत विचारले होते; त्यांनी जवळच्या एका मराठी शाळेचे नाव सांगितले, आणि आधीच्या दोन वर्षांत तिथे गेलेल्या मुलांच्या पालकांना विचारून त्यांचे फोन क्रमांक चार दिवसांनी कागदावर लिहून दिले.