वारसा-पेटी: जूनपासून एप्रिलपर्यंत शाळेत वापरल्यावर

आमची शाळा जिल्हा परिषदेची, धाराशिव जिल्ह्यातली, तेर या प्राचीन गावापासून फार लांब नाही. मी सहावी-सातवीला इतिहास शिकवते. मागच्या जूनमध्ये लोकवर्गणीतून शाळेसाठी एक वारसा-पेटी मागवली. पत्र्याची पेटी आहे. आत मातीच्या मूर्तीची आणि सातवाहन नाण्यांची प्रतिकृती, मण्यांची माळ, ब्राह्मी आणि मोडी या जुन्या लिप्यांचे तक्ते, अजिंठा-वेरूळची मोठी चित्रकार्डं, भिंगं, मोजपट्टी, शिक्षकांसाठी पुस्तिका आणि मुलांसाठी स्वाध्यायवह्या. कार्डांवर क्यूआर कोड आहेत, ते स्कॅन केले की मोबाईलवर माहिती ऐकू येते. घ्यावी का, असं बरेच शिक्षक विचारतात. आता वर्ष संपत आलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त कामाला आली ती मातीची मूर्ती. वीतभर उंचीची, आतून पोकळ, तेरला सापडलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्तींवरून केलेली. पुस्तिकेत तिच्याबद्दल चार ओळी आहेत: सातवाहन काळ, केओलिन माती, दुहेरी साचा. दुहेरी साचा म्हणजे काय, हे मला स्वतःला फळ्यावर नीट काढून दाखवता येईना. म्हणून लेकरांना घेऊन गावातल्या कुंभारमामांकडे गेले. त्यांनी मूर्ती हातात घेतली, तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी कडेनं अंगठा फिरवला आणि कानापासून खांद्यापर्यंत नखानं एक रेघ दाखवली. "मॅडम, हितं सांधा हाय बघा. पुढचं एका साच्यातलं, मागचं दुसऱ्यातलं. वल्लं असतानाच चिकटवलंय." मग मूर्ती उलटी करून खालचं भोक दाखवलं. "हे न्हाई ठेवलं तर भट्टीत वाफ कुठून जायची? फुटतंय की." लगेच त्यांनी मातीचा गोळा घेतला, दोन वाट्यांत दाबला, दोन्ही अर्धं जोडून दाखवलं. पुढे कितीतरी दिवस पोरं वर्गातल्या प्रत्येक मातीच्या वस्तूवर सांधा शोधत होती. कुंभारमामांचा मुलगा आमच्याच वर्गात आहे. इतिहासाच्या तासाला तो कधी हात वर करत नव्हता. त्या आठवड्यात त्यानंच सगळ्यांना भट्टी समजावून सांगितली.

पेटीचं मोल मला तिथं कळलं. तयार माहिती देण्यात ती सुमारच आहे. पण ती शाळेतून उचलून गावात नेता येते, आणि गावातल्या माणसाच्या हातात वस्तू ठेवली की तो जे बोलतो ते कुठल्याही पुस्तिकेत नसतं.

दुसरा अनुभव नकाशाच्या कार्डाचा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आपलं तेर, या दोन्ही बाजारपेठांचा उल्लेख आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठं शहर, आणि तिथलं कापड गाड्यांतून गुजरातेतल्या भडोच बंदरापर्यंत जायचं, असं त्यात म्हटलंय. कार्डावर एवढंच छापलंय, खाली प्रश्न: 'तगर कोठे आहे?' लेकरांना घरून विचारून यायला सांगितलं की ओझ्याची बैलगाडी दिवसाला किती जाते. एका मुलीचे आजोबा पूर्वी गाडीनं कापूस बाजाराला न्यायचे. त्यांनी सांगितलं, भरल्या गाडीनं पाच-सहा कोस, त्याहून जास्त हाकलं तर बैल बसतात. कोस म्हणजे साधारण तीन किलोमीटर. दहा दिवसांचे झाले दीडशे ते एकशे ऐंशी. नकाशावर पैठण ते तेर पट्टी ठेवली, सरळ रेषेत दीडशेच्या आसपास भरलं. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या मजकुराचा आजोबांच्या हिशोबाशी मेळ बसला, तेव्हा वर्गात जो गलका झाला तो मी थांबवला नाही. असा प्रश्न कार्डावर का नाही, हे मला आजही समजत नाही.

तेरला तर आम्ही जातच राहिलो. आमच्याकडे तेर म्हटलं की आधी गोरोबाकाका. चैत्रातल्या यात्रेला घरटी कुणी ना कुणी जातंच. पण त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे, हे वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी माहीत नव्हतं. एका गावकऱ्यानं आपल्याच गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडणारी खापरं, मणी, मूर्ती वर्षानुवर्षं जपून ठेवल्या, ही गोष्ट लेकरांना कुठल्याही राजाच्या गोष्टीपेक्षा जवळची वाटते. तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीसारखीच मूर्ती १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडली. तिचं कार्ड पेटीत आहे आणि ते उत्तम आहे. केस, बांगड्या, पायातले दागिने भिंगाखाली मोठे दिसतील असं छापलंय. पॉम्पेई ज्वालामुखीखाली गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे तिकडची मूर्ती त्याच्या आधीची, एवढा तर्क मुलांनी स्वतः केला.

संग्रहालयात जाताना मी एकच नियम ठेवला: एका मुलानं एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर बसायचं आणि चित्र काढायचं. सगळं बघायचं नाही. पालकांपैकी दोघांनी नाराजी दाखवली, एवढं लांब जाऊन एकच वस्तू कशाला म्हणून. पण चित्र काढताना नजर थांबते. रांगेतून पुढं सरकणारं लेकरू मडकं बघतं. चित्र काढणारं लेकरू मडक्याचा काठ बाहेर वळलेला आहे की आत, हे बघतं. यात्रेच्या वेळी यातली काही मुलं आजीला, आत्याला हाताला धरून संग्रहालयात घेऊन गेली आणि आपापली वस्तू दाखवून आली.

ब्राह्मीचा तक्ता अनपेक्षितपणे गाजला. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे गोल, ग म्हणजे घराचं छप्पर. दिवाळीच्या आत पोरं ब्राह्मीत चिठ्ठ्या लिहायला लागली होती, आणि नाण्यावरचं 'रञो' (म्हणजे 'राजाचा') भिंगातून एकेक अक्षर लावून वाचत होती. मोडीचा तक्ता मात्र फार बारीक छापलाय. खरं तर आपल्याकडे त्याचीच जास्त गरज. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे होता, घरोघरच्या जुन्या कागदांत उर्दू आणि मोडी दोन्ही सापडतं, आणि २०२३ पासून कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाल्यावर मोडी वाचणाऱ्याची किंमत प्रत्येक गावाला कळली आहे. उर्दूचं पान तर पेटीत नाहीच. आमच्या गावातल्या एका उर्दू जाणणाऱ्या चाचांनी येऊन जुना शेतसाऱ्याचा कागद वाचून दाखवला, तेव्हा दारात पालकही उभे होते.

आता खटकलेल्या गोष्टी. स्वाध्यायवही निराशा करते. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, मागे उत्तरं. आम्ही ती दोन आठवड्यांत बाजूला ठेवली आणि कोऱ्या चित्रकलावह्या घेतल्या. ऑडिओ वेरूळच्या सहलीत साफ निकामी ठरला. कैलास लेण्यात नेटवर्क टिकेना, आणि टिकलं तेव्हा मराठी इतकं पुस्तकी की सहावीचं पोर दुसऱ्या वाक्याला कान काढून घेतं. त्यापेक्षा 'हे मंदिर वरून खाली कोरत आणलंय, मग आधी काय कोरलं असेल?' एवढा एक प्रश्न विचारला आणि मुलं कळस ते जोतं मान वर-खाली करत वाद घालत बसली. (सहल काढणाऱ्यांसाठी: वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिकीट लागत नाही.)

सगळ्यात गंभीर चूक पुस्तिकेच्या एका उपक्रमात आहे: 'परिसरातील जुन्या वस्तू गोळा करा व वर्गात प्रदर्शन भरवा.' आमच्या भागात हे घातक आहे. इथं पावसाळ्यानंतर पांढरीच्या टेकाडावर खापरं, मणी वर येतात. लेकरांनी ते खिशात भरून आणले की ती वस्तू कुठून, कोणत्या थरातून आली हे कायमचं पुसलं जातं. मग राहतो तो नुसता मणी. शिवाय १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. आम्ही उपक्रम बदलला: हात लावायचा नाही, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा, शेताचं नाव आणि तारीख वहीत लिहायची, आणि वस्तू वेगळी वाटली तर मला सांगायचं. मुलांनी हे मनापासून पाळलं. हे पान पुढच्या आवृत्तीत बदला, असं मी पेटी बनवणाऱ्यांना कळवलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

अजिंठ्याची कार्डं चांगली आहेत, रंग खरे वाटतात. प्रत्यक्ष लेण्यात अंधार आणि गर्दी असते, त्यामुळे आधी वर्गात कार्ड पाहून गेलं तर तिथं काहीतरी ओळखता येतं. आमच्या मुलींना सगळ्यात आधी चित्रातल्या कपड्यांवरचे पट्टे दिसले.

घ्यावी का? एकट्या शाळेनं एवढा खर्च करू नये. आपल्या शाळा-केंद्रातल्या चार-पाच शाळांनी मिळून एक घ्यावी आणि महिन्याला फिरवावी, आम्ही पुढच्या वर्षी तेच करणार आहोत. ऑडिओ आणि स्वाध्यायवही वगळून मिळत असेल तर तशीच मागा. पेटी उघडण्याआधी गावातले कुंभार, विणकर, मोडी-उर्दू वाचणारे, गाडीनं बाजार केलेले म्हातारे यांची यादी मुलांकडून करून घ्या. आणि भिंगं वेगळी विकत घ्या. पेटीतली प्लास्टिकची आहेत, दिवाळीपर्यंत त्यांवर इतके ओरखडे पडतात की नाण्यावरचं अक्षर दिसत नाही.