चेन किट बदललं म्हणून १७५० घेतले, आणि मागचं सॉकेट जुनंच उलटं करून बसवलं

गणपतीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. आमच्याकडं गुहागरात त्या दिवसांत गॅरेजवाल्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, चाकरमानी येणार म्हणून ज्याची त्याची गाडी दुरुस्तीला. माझी १२५ ची गाडी, २८ हजार चालली होती, चेन टाईट केली की आठ दिवसांत परत ढिली. म्हटलं एकदाच चेन किट टाकून मोकळं होऊ, म्हणजे चेन आणि पुढचं मागचं सॉकेट. (खरा शब्द स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्याच्यावर फिरते ते दातांचं चाक, पण आपल्याकडं सगळे सॉकेटच म्हणतात.)

गॅरेजवाला ओळखीचा, "दादा तुम्ही जावा, संध्याकाळी न्या". संध्याकाळी गेलो तर गाडी तयार, कंपनीच्या किटचा रिकामा बॉक्स पण हातात दिला, १७५० घेतले मजुरी धरून. चेनला पूर्ण कव्हर असलेली गाडी, त्यामुळं आत काय बसवलंय ते दिसायचा प्रश्नच नाही. जुने पार्ट मागितले तर म्हणाला भंगारवाला आत्ताच घेऊन गेला, आणि मी मान डोलावून घरी आलो.

दिवाळीनंतर दापोलीला निघालो होतो, धोपाव्याहून फेरीबोटीनं दाभोळला उतरलो आणि पुढं चढाव लागला तशी गाडी सेकंडला कटकट करून झटके द्यायला लागली, इंजिन ओरडतंय पण गाडी ओढत नाही, आणि मागं बायको. किट टाकून जेमतेम दोन हजार किलोमीटर झालेले. कशीबशी दापोली गाठली.

तिथं एक म्हातारे मिस्त्री होते, त्यांनी कव्हर खोललं, बोटानं चेन मागं ओढली तर ती दातावरनं एवढी वर आली की अर्धा दात उघडा. मग मला खाली बसायला लावलं. "बघा, दात वाकडे हायत, पण उलट्या बाजूला." चाक काढल्यावर दातांचा आकडा आणि कंपनीचा छाप सॉकेटच्या आतल्या बाजूला निघाला, तो बाहेर दिसायला पाहिजे. म्हणजे जुनं सॉकेट डिझेलनं धुऊन पालटी करून बसवलेलं. असं केलं की चेन दाताच्या न झिजलेल्या बाजूवर ओढते, महिना दोन महिने सगळं गुळगुळीत चालतं, पण दात आधीच बारीक झालेले आणि खाचा मोठ्या, त्यात नवी चेन नीट बसत नाही आणि ती पण भरभर झिजते. पुढचं पण जुनंच होतं. नवीन फक्त चेन, आणि ती पण बॉक्सवर नाव होतं त्या कंपनीची नाही, कडीवर कसलाच छाप नव्हता.

आपल्याकडं खारी हवा, पावसाळ्यात कव्हरमध्ये लाल चिखल, त्यामुळं चेन लवकर गेली तर आपण दोष हवेला देतो आणि हे लोक तेच धरून बसतात. मी पण आधी तेच समजलो होतो.

तर किट टाकायला देताना जुन्या दोन्ही सॉकेटवर नेलपॉलिशचा ठिपका मारा, कव्हर खोलायला लागतं पण पाच मिनिटांचं काम आहे. नवीन बॉक्स आपल्यासमोर फोडायला सांगा, जुने तिन्ही पार्ट पिशवीत घालून मागा, भंगारात द्यायचे तर आपण देऊ की. आणि शक्य असेल तर तिथंच स्टूल टाकून बसा, तासाभराचं काम असतं. चेनची दोन टोकं जोडतात त्या लॉकची क्लिप पण बघा, बंद तोंड चेन ज्या दिशेला पळते तिकडं पाहिजे.

दापोलीत परत १६०० गेले. गुहागरात येऊन ते उलटं सॉकेट त्याच्या टेबलावर ठेवलं तर म्हणतो पोरानं केलं असेल, नवीन आहे. बराच वाद घातल्यावर ५०० दिले आणि बाकीचे पुढच्या सर्व्हिसिंगला ॲडजस्ट करतो म्हणाला. आता पुढची सर्व्हिसिंग त्याच्याकडं कोण करतंय.