सूर्यफुलं घ्यायचीत, पण पिवळ्या भिंतीची की फिरोजी?

हॉलसाठी व्हॅन गॉगची सूर्यफुलं घ्यायची ठरली की दुकानदार दोन प्रिंट पुढे ठेवतो. मूळ चित्रं दोन्ही ऑगस्ट १८८८ मधली, फ्रान्समधल्या आर्लची. आकारही जवळपास सारखाच, साधारण ९२ बाय ७३ सेंटिमीटर. चित्रकार मित्र गोगँ राहायला येणार म्हणून त्याच्या खोलीत लावायला काढलेली. खरा फरक फुलांमागच्या भिंतीचा आहे, निवड तिच्यावरच करा.

म्युनिकच्या संग्रहातलं चित्र फिरोजी पार्श्वभूमीचं. पिवळ्याशेजारी निळा-हिरवा आला की दोन्ही रंग खुलतात, त्यामुळे दारातूनही फुलं उठून दिसतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या चित्रात फुलं, मडकं, टेबल, भिंत सगळंच पिवळं. एकमेकांपासून वेगळं करतात ते छटा आणि रंगाचे जाड थर. माझ्या मते चित्र म्हणून हेच थोर. प्रिंट म्हणून मात्र अवघड, कारण कागदावर थर उतरत नाहीत आणि छपाई ढिसाळ असली तर फुलं भिंतीत विरून जातात. म्हणून दुकानात आधी टेबलाच्या कडेची बारीक निळी रेघ आणि मडक्यावरची निळी सही बघा. ती हिरवट आली असेल तर प्रिंट तिथेच ठेवून या. फिरोजीत उलट तपासायचं: मागची भिंत नुसती आकाशी दिसत असेल तर त्यातला हिरवा उडालेला असतो.

आता तुमची भिंत. नाशिकच्या गंगापूर रोडच्या नव्या फ्लॅटला क्रीम रंग असेल तर त्यावर पिवळं चित्र मळकट दिसेल, फिरोजी घ्या. भिंत पांढरीशुभ्र असेल तरच पिवळ्याच्या वाटेला जा. दिवाही महत्त्वाचा: पिवळसर एलईडीखाली फिरोजी मंद होतो.

पश्चिमेच्या खिडकीसमोर मात्र दोन्ही नकोत. मूळ चित्रांतला क्रोम पिवळासुद्धा उजेडाने तपकिरी पडतो, तिथे स्वस्त शाईची काय कथा! जुन्या नाशकातल्या वाड्यात पावसाळ्यात भिंतीला ओल धरत असेल, तर फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते.

आणि शेजारी आधीच गोदाघाटाचं जलरंगचित्र लावलेलं असेल (नाशिककराच्या घरी बहुधा असतंच), तर सगळी गणितं बाजूला ठेवा. फिरोजी भिंत त्या नदीचं पाणी फिकं पाडेल. घाटाच्या काळ्या दगडाशेजारी पिवळं छान बसतं.