हलणारा दात: वाचवायचा की काढून इम्प्लांट बसवायचा?

पन्नाशीच्या आसपास दाढ हलायला लागली, हिरडीतून रक्त किंवा पू येऊ लागला, की दवाखान्यात बहुतेक वेळा दोन रस्ते समोर येतात. एक, हिरड्यांचे उपचार करून दात राखायचा. दुसरा, दात काढून स्क्रूचा दात, म्हणजे इम्प्लांट बसवायचा. हे दोन रस्ते वेगळे दिसले तरी सुरुवात एकच आहे: आधी हिरड्या बऱ्या करायच्या. पायोरिया, म्हणजे हाड झिजवणारा हिरड्यांचा आजार, तसाच ठेवून इम्प्लांट बसवणं मला धोक्याचं वाटतं.

कारण सरळ आहे. खऱ्या दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. इम्प्लांटला तो नसतो, टायटॅनियम थेट हाडाला धरतं. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतीच्या हिरडीत जंतुसंसर्ग झाला की तिथलंही हाड झिजतं, तेही बऱ्याचदा दाताभोवतीच्या हाडापेक्षा वेगाने. ज्यांचे दात पायोरियाने गेले, त्यांना हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

त्यामुळे कोणता दात वाचेल, हे नीट तपासूनच ठरवावं. डॉक्टर खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत हलकेच घालतात आणि सहायक आकडे लिहून घेतो: तीन, दोन, सहा, पाच... तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चारपासून पुढे लक्ष द्यायला हवं, सहा किंवा जास्त म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल कप्पा. हा तक्ता आणि एक्स-रे न काढता कोणी पहिल्याच भेटीत ‘चार दात काढू’ म्हणालं, तर मी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेईन.

निम्मं हाड शिल्लक आहे आणि दात फक्त आडवा थोडा हलतो, असं असेल तर माझा कौल राखण्याकडे. आधी मुळापर्यंतची खोल सफाई करतात, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजतात, आणि तरीही कप्पे खोल राहिले तर हिरडी उघडून शस्त्रक्रिया करतात. काही ठिकाणी हाडाची पूडही भरतात. सफाईनंतर दात जास्तच सैल वाटतात, फटी दिसतात, आणि घरोघरी ऐकू येतं की ‘साफ केल्याने दात हलायला लागले’. खरं तर कीटण निघालेलं असतं आणि सूज उतरलेली असते, म्हणून आधीच गेलेल्या हाडाची जागा उघडी पडते. या भीतीपायी उपचार अर्धवट सोडू नका, ही कळकळीची विनंती.

दात खालीवरही दबत असेल, मुळाभोवती हाडच उरलं नसेल, तर मात्र हट्ट करू नये. शेजारच्या दाताचं हाडही त्यात जाऊ शकतं. मग इम्प्लांट चांगला पर्याय. ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या पक्क्या दातासाठी, ते धडधाकट दात कोरून बारीक करावे लागतात, इथे ते वाचतात. हाडात स्क्रू पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. हाड कमी असेल तर आणखी. खर्च विचारताना स्क्रू, जोडणारा भाग, कॅप आणि हाडाची भर यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा. दात राखायचा म्हटलं तरी खर्च एकदाच होत नाही, दर तीन-चार महिन्यांनी सफाईला जावंच लागतं. इम्प्लांटलाही देखभालीतून सुटका नाही.

मधुमेह असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, आधी पाहा. आठ टक्क्यांच्या पुढे असेल तर बहुतेक डॉक्टर इम्प्लांटला थांबायला सांगतात. हिरड्यांचे उपचार झाले की साखरही थोडी उतरते. सिगारेट, तंबाखू, मशेरी चालू असेल तर दोन्ही रस्त्यांवर यश कमी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन घेत असाल, तर दात काढण्याआधीच सांगा.

आता डॉक्टर कोण? बी.डी.एस. नंतर तीन वर्षं हिरड्यांचंच शिक्षण घेतलेला एम.डी.एस. म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट. साध्या सफाईला नेहमीचे डॉक्टर पुरेसे. खोल कप्पे, जास्त दात हलणं किंवा पायोरियानंतरचा इम्प्लांट असेल तर मी तज्ज्ञाकडेच जाईन. आपल्याकडे एक पद्धत रूढ आहे: बाहेरचे सर्जन ठरलेल्या दिवशी येतात, इम्प्लांट बसवतात आणि जातात. त्यात वाईट काही नाही, पण वर्षभराने हिरडी सुजली तर बघणार कोण, हे आधी विचारून घ्या. इम्प्लांटची कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असलेलं कार्डही मागून घ्या. गाव बदललं तर दुसऱ्या डॉक्टरला त्यावरूनच योग्य भाग मागवता येतो.

खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे वेळ जास्त जातो, फेऱ्या होतात, पण खोल सफाई आणि हिरडीची शस्त्रक्रिया खासगीपेक्षा खूप कमी पैशांत होते.