सांबर-भेकरांच्या मागावर नऊ महिने : ८×४२ दुर्बिणीचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि पुढची भिंगे ४२ मिलिमीटरची असलेली, दुर्बीण सुमारे अकरा हजार रुपयांना घेतली, ती पक्षी पाहण्यासाठी नव्हे, तर हरणांचा माग काढायला शिकण्यासाठी. माझे आजोळ गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले. आजोबांच्या पिढीत अनेकांच्या घरी बंदूक होती, आणि माझे मामा, जे आता एकाहत्तर वर्षांचे आहेत, लहानपणी त्यांच्यामागून रानात जात असताना वारा, खूर आणि आवाज ओळखण्याची विद्या शिकले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी केली आणि ते योग्यच झाले. पण बंदुकीबरोबर ती विद्याही हरवू नये, अशी माझी मनापासून इच्छा होती. त्या कायद्याच्या व्याख्येत मारण्याबरोबरच सापळा लावणे, जनावर हुसकावणे आणि आमिष ठेवणे यांचाही शिकारीत समावेश होतो, हे नव्याने शिकणाऱ्याने आधी वाचून घ्यावे. आम्ही मिठाचा खडासुद्धा कधी ठेवला नाही.

दुकानदाराचा आग्रह १०×५० चा होता. मी आठ पट घेतली, कारण दहा पटीत हाताचा कंपही तितकाच वाढून दिसतो आणि बसायला तिपाई नसेल तेव्हा चित्र स्थिर राहत नाही. दुसरे कारण उजेडाचे. ४२ मिलिमीटरच्या भिंगाला ८ ने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते, ती सव्वापाच मिलिमीटर. माझ्या मावसभावाकडे खिशात मावणारी १०×२५ ची दुर्बीण आहे, तिच्यात हाच झोत अवघा अडीच मिलिमीटर भरतो. पहाटे सव्वासहाच्या सुमारास कुळागराच्या, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेच्या, कडेला आम्ही दोघे शेजारी बसलो असताना त्याला पोफळींमागे नुसता काळोख दिसत होता, आणि मला त्याच जागी हलणारा कान दिसत होता. सांबर आणि भेकर मुख्यतः उजाडताना व मावळताना बाहेर पडतात, त्यामुळे हा फरक हौसेचा नाही, कामाचा आहे.

पहिला महिना मी बोंडल्यात घालवला. तिथल्या प्राणिसंग्रहालयात कुंपणाआड सांबर आणि चितळ आहेत, आणि दुर्बीण डोळ्यांना बसवून घ्यायला त्याहून चांगली जागा मला सापडली नाही. उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे, मग डावे झाकून उजव्या भिंगावरच्या कड्याने उजव्या डोळ्याचे. ही जुळणी एकदा नीट झाली की पुढे फक्त मधले चाक फिरवावे लागते. अनेकजण हे करत नाहीत आणि दुर्बिणीमुळे डोके दुखते म्हणून तक्रार करतात.

त्यानंतरचे कित्येक आठवडे मला पळणाऱ्या शेपटांखेरीज काही दिसले नाही. मामांनी एकच वाक्य सांगितले, "पयलीं वारो पळय, मागीर जनावर." म्हणजे आधी वारा बघ, मग जनावर. हरणाच्या डोळ्यांना तांबडा आणि हिरवा हा भेद आपल्यासारखा करता येत नाही, म्हणून मी कपड्यांच्या रंगाची चिंता करत बसलो होतो, पण त्याचे नाक मात्र आपल्या कल्पनेपलीकडचे आहे. पहाटे थंड हवा डोंगरावरून खाली उतरते आणि उन्हे तापली की ती उतारावरून वर चढू लागते. त्यामुळे सकाळी लवकर उताराच्या खालच्या बाजूस बसावे आणि नऊच्या पुढे वरची बाजू धरावी. मामा चुलीतली राख कापडाच्या पुरचुंडीत बाळगतात आणि दर थोड्या वेळाने चिमूटभर सोडून पाहतात. मीही तेच करू लागलो, तेव्हापासून जनावरे थांबू लागली.

दुसरी चूक बघण्यातली होती. मी दुर्बीण लावून संपूर्ण हरीण शोधत असे. रानात संपूर्ण हरीण क्वचितच दिसते. उभ्या खोडांच्या गर्दीत एक आडवी रेघ दिसली तर ती पाठ असू शकते. पानांत एकच तुकडा हलला तर तो कान, आणि ओला चकाकणारा ठिपका असेल तर नाक. आधी नुसत्या डोळ्यांनी सारा उतार पाहावा, मग संशयाच्या जागी दुर्बीण रोखून मधले चाक अगदी हळू फिरवावे, म्हणजे पुढची पाने धूसर होतात आणि त्यांच्यामागचे उलगडत जाते. जिथे परवाना घेऊन हरणांची शिकार करता येते अशा देशांत नवशिके शिकारीही हंगामाआधी अनेक आठवडे हेच करतात, असे वाचले तेव्हा आपण योग्य वाटेवर असल्याचा मला धीर आला.

डिसेंबरमध्ये कुळागराच्या वरच्या बांधापाशी मला अशीच आडवी रेघ दिसली. चाक फिरवत गेलो तसा आधी चेहरा स्पष्ट झाला, त्यावरच्या दोन काळ्या रेषा कपाळावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकत शिंगांच्या बुंध्यांपर्यंत गेलेल्या. भेकराचा नर होता तो. एकोणीस मिनिटे तो आवळ्याखाली खात राहिला. भेकर आवळा गिळते आणि रवंथ करताना कठीण आठोळी तोंडावाटे बाहेर टाकते, हे मामांनी सांगितले होते. तो गेल्यावर पुढच्या झुडपाशी पाहिले तर गवत दबलेले होते आणि स्वच्छ आठोळ्यांचा लहानसा ढीग होता. त्या दिवशी आजोबा काय पाहत असतील, ते मला कळले.

दुर्बीण उलटी धरून मोठ्या भिंगातून पाहिले आणि डोळ्याकडची बाजू वस्तूपासून बोटभर अंतरावर ठेवली की ती भिंगासारखे काम करते. खुरांचे ठसे वाचताना हा उपयोग मी सर्वांत जास्त केला. ठशाची कड धारदार असेल तर तो ताजा, ढासळलेली असेल तर कालचा. भेकराचा ठसा अंगठ्याच्या पेराएवढा, सांबराचा चार बोटांच्या रुंदीचा, आणि कठीण जमिनीवरही मागे बाजूंना दोन जादा खुणा उमटल्या असतील तर तो बहुधा रानडुकराचा, मऊ चिखलात मात्र हरणाच्याही अशा खुणा उमटू शकतात.

खोतीगावच्या अभयारण्यातील सुमारे २५ मीटर उंच मचाणावरून मार्चमध्ये पाणवठ्यावर आलेली सांबराची मादी, जिला आमच्याकडे मेरू म्हणतात, चाळीस मिनिटे पाहिली. तिने मध्येच पुढचा पाय जमिनीवर आपटला, तेव्हा तिला काहीतरी जाणवले हे कळले. पिसोरीच्या, म्हणजे सशाएवढ्या मूषकहरणाच्या, बाबतीत मात्र दुर्बिणीचा काहीही उपयोग झाला नाही. ती रात्री, दाट झाडोऱ्यात वावरते, आणि रात्रीच्या अंधारापुढे सव्वापाच मिलिमीटरचा झोतही अपुराच.

आता दोष. मूळ पट्टा अरुंद असून मानेला काचतो. पट्ट्यासह वजन ६९० ग्रॅम भरले, म्हणून दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा वेगळा घ्यावाच. उजव्या भिंगावरचे कडे सैल आहे आणि झुडपात घासले की फिरते. मी त्यावर चिकटपट्टी लावली. मार्चअखेर तेच कडे दुरुस्तीला पाठवले तर सात आठवडे लागले, म्हणजे उन्हाळ्याचा पाणवठ्याचा हंगामच गेला, याचे मला अजूनही वाईट वाटते. जांभ्याची तांबडी धूळ भिंगावर बसली असताना रुमालाने पुसू नये, आधी फुंकणीने उडवावी. माझ्या डाव्या भिंगावरचा बारीक चरा याच चुकीचा आहे. नळीत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून वाफ धरली नाही, पण गोव्याच्या पावसाळ्यात बुरशीची भीती असतेच. जूनपासून ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवली आहे.

चष्मा लावणाऱ्यांनी डोळा आणि भिंग यांतले अंतर किमान पंधरा मिलिमीटर असल्याची खात्री करूनच घ्यावी. सत्तरीत गोचिडींमुळे पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले असल्याने रानातून आल्यावर अंगावर गोचीड नाहीत ना, हे दर वेळी तपासावे. अभयारण्यात रीतसर परवानगी काढून आणि ठरलेल्या वाटेवरूनच जावे.